श्रॉपशर बघायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे पुण्या-मुंबईहून पाहुणे येतात, लंडनमधली मित्रमंडळी लाँग वीकेंडला येतात आणि सगळे तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. तिकिटांचे दर आणि उघडण्याच्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या दरवर्षी बदलतात, निघायच्या आदल्या दिवशी त्या-त्या ठिकाणच्या वेबसाइटवर बघून घ्या.

श्रॉपशर नेमकं आहे कुठे?

इंग्लंडच्या पश्चिम कडेला, वेल्सच्या हद्दीला लागून असलेली ही काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. बर्मिंगहॅमपासून पश्चिमेला निघालात की वुल्व्हरहॅम्प्टन आणि टेलफर्ड मागे पडतं आणि मग कारखाने संपून मेंढ्या सुरू होतात. मुख्य गाव श्रूजबरी. सेव्हर्न नदीने या गावाला जवळजवळ पूर्ण वेढा घातलाय, थोडीशीच चिंचोळी वाट मोकळी सोडलीय, आणि नेमक्या त्या वाटेवर किल्ला बांधलेला आहे. शिवकालीन गड बघत वाढलेल्या माणसाला ही जागा का निवडली हे समजवायला गाइड लागत नाही.

सरहद्दीचा मुलूख असल्यामुळे इथे किल्ले, गढ्या आणि पडके बुरूज पावलापावलावर आहेत. आठव्या शतकातल्या ऑफा राजाने वेल्सच्या बाजूने घातलेला मातीचा लांबच लांब बांध आजही क्लन गावाच्या आसपासच्या टेकड्यांवर स्पष्ट दिसतो, आणि त्याच्यावरून चालताही येतं.

‘श्रूजबरी’ की ‘श्रोजबरी’?

हा प्रश्न तिथल्या पबमध्ये विचारू नका, नाहीतर रात्रीचं जेवण लांबेल. गावातच दोन तट आहेत. आपण पुण्यात बिस्किटाला म्हणतो ते ‘श्रूजबेरी’ मात्र दोन्ही तटांना मान्य नाही. ‘श्रूजबरी’ म्हणा, कोणी हसणार नाही. काउंटीच्या नावात शेवटी ‘शायर’ लिहिलेलं असलं तरी बोलताना ‘शर’ म्हणतात.

लेक डिस्ट्रिक्ट, कॉट्सवोल्ड्स सोडून इथे कशाला यायचं?

गर्दी नको असेल तर. कॉट्सवोल्ड्समधली गावं सुंदर आहेत, पण जुलैमध्ये तिथे पार्किंग शोधण्यात सुट्टी जाते. इथे ऑगस्टच्या शनिवारीसुद्धा एखाद्या टेकडीवर तुम्ही आणि चार मेंढ्या एवढेच असू शकता.

दुसरं कारण जरा वेगळं आहे. ही काउंटी दिसायला झोपाळू, पण जग बदलणाऱ्या दोन-तीन गोष्टी इथूनच निघाल्या. कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन) वापरून लोखंड वितळवायचं तंत्र, चार्ल्स डार्विन आणि रॉबर्ट क्लाइव्ह. तिसऱ्या नावाबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, कारण तो धागा थेट विजयदुर्गापर्यंत जातो.

किती दिवस लागतील?

कमीत कमी तीन. ‘एका दिवसात सगळं कव्हर करू’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी आता सरळ नाही म्हणते. एकदा एका काकांनी सकाळी आयर्नब्रिजचा लोखंडी पूल, दुपारी स्टोकसेचा किल्ला, संध्याकाळी लडलोचा किल्ला असा बेत आखला होता. तिन्ही ठिकाणी पोचलो, तिन्ही ठिकाणी फोटो काढले, आणि लडलोला पोचेपर्यंत किल्ला बंद झाला होता. एक दिवस आयर्नब्रिजला, एक दिवस दक्षिणेकडे लडलो-स्टोकसेला, एक दिवस डोंगरात. श्रूजबरी गाव संध्याकाळी फिरायला छान, त्याला वेगळा दिवस द्यायची गरज नाही.

कोणत्या महिन्यात यावं?

मे ते सप्टेंबर. एप्रिलच्या शेवटापासून जंगलात ब्लूबेलची निळी फुलं येतात, जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि ऑगस्टमध्ये लाँग मिंडचं पठार हेदरच्या फुलांनी जांभळं होतं. डिसेंबरमध्ये चार वाजता अंधारतं आणि बरीच ठिकाणं एकतर बंद असतात किंवा शनिवार-रविवारीच उघडतात. हिवाळ्यात सेव्हर्नला पूरही येतो. आयर्नब्रिजच्या नदीकाठच्या रस्त्यावर तेव्हा पत्र्याच्या भिंतीसारखे अडथळे उभे करतात. फेब्रुवारीत येणार असाल तर पुराचा इशारा बघून निघा.

पाऊस कधीही येतो. आपल्यासारखा धो धो नाही, पण पाच मिनिटं येतो, जातो, परत येतो. छत्री वाऱ्यात उलटी होते. टोपी असलेलं पातळ रेनजॅकेट आणा.

गाडी घ्यावीच लागते का?

नाही, पण घेतली तर सुख आहे. लंडनच्या यूस्टनहून बर्मिंगहॅम किंवा क्रू इथे गाडी बदलून श्रूजबरीला साधारण अडीच-तीन तासांत पोचता येतं. बर्मिंगहॅमहून तासभर. श्रूजबरीहून दक्षिणेकडे जाणारी लाइन चर्च स्ट्रेटन, क्रेव्हन आर्म्स, लडलो अशी जाते. म्हणजे डोंगर, स्टोकसेचा किल्ला आणि लडलो गाव ही तिन्ही एकाच लाइनवर. क्रेव्हन आर्म्स स्टेशनपासून स्टोकसे चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे.

अडचण आयर्नब्रिजची. तिथे स्टेशन नाही. टेलफर्ड सेंट्रलला उतरून बस घ्यावी लागते, आणि परतीची शेवटची बस किती वाजता आहे हे आधी पाहिलं नाही तर टॅक्सीवाल्याचं भलं होतं. उन्हाळ्यात काही ठराविक दिवशी लाँग मिंड आणि स्टायपरस्टोन्स या टेकड्यांच्या बाजूला शटल बस असते, तिचं त्या वर्षीचं वेळापत्रक शोधा.

भारतातल्या लायसन्सवर गाडी चालवता येते का?

फिरायला आला असाल तर येते, बारा महिन्यांपर्यंत. गाडी डावीकडूनच चालवायची असल्यामुळे तो त्रास नाही. त्रास आहे तो अरुंद रस्त्यांचा. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच झुडपांचं कुंपण, मधे एकच गाडी मावेल एवढी वाट, आणि समोरून ट्रॅक्टर. अशा रस्त्यांवर थोड्या-थोड्या अंतरावर रुंद जागा ठेवलेली असते. ज्याला ती जवळ पडते त्याने मागे घ्यायची, आणि जाताना दोघांनी हात उंच करायचा. हॉर्न वाजवू नका, इथे हॉर्न म्हणजे शिवी.

चर्च स्ट्रेटनहून लाँग मिंडवर चढणाऱ्या रस्त्याचं नाव ‘बरवे’. आमच्या घरी आलेल्या प्रत्येक बर्व्यांनी त्या पाटीखाली फोटो काढलाय. पण हसून झाल्यावर सांगते, रस्ता उभ्या चढाचा आहे, एका बाजूला सरळ दरी आहे आणि कठडा नाही. घाटात गाडी चालवायची सवय नसलेल्याने खाली पार्क करून चालत जावं.

आयर्नब्रिजमध्ये एका पुलापलीकडे काय बघायचं?

पुलापासूनच सुरुवात करू. हा जगातला पहिला मोठा ओतीव लोखंडाचा पूल. १७७९ मध्ये उभा राहिला, १ जानेवारी १७८१ ला रहदारीला खुला झाला. अब्राहम डार्बी तिसरा याच्या कारखान्याने तो ओतला. कमानीचा पल्ला ३० मीटरच्या थोडा वर, आणि लोखंड साधारण ३७८ टन. हे आकडे आज किरकोळ वाटतील, पण पुलाखाली नदीकाठी उतरा आणि सांधे बघा. लोखंडाचा एवढा मोठा पूल कसा जोडायचा हे तोपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी सुतार लाकूड जोडतो तसं जोडलं. एका तुकड्यात खाच, दुसऱ्याचं टोक त्यात अडकवलेलं, वर पाचर. आमचे सासरे पुलावरून नदीकडे बघायच्या ऐवजी अर्धा तास खाली उभं राहून हे सांधे मोजत होते. त्यांचे वडील सुतार होते.

पुलाच्या टोकाला जुनं टोलघर आहे. त्याच्यावर दरपत्रक लावलंय, आणि शेवटी बारीक सूचना: अधिकारी, शिपाई, सामानाची गाडी, टपालगाडी, इतकंच काय राजघराण्यातली माणसं, कोणालाही टोल माफ नाही. आपल्याकडच्या टोलनाक्यांवरची माफीची लांबलचक यादी आठवून हसू येतं. १९३४ पासून पूल वाहनांना बंद आहे, फक्त पायी जाता येतं. रंगाबद्दल विचाराल तर २०१८ च्या दुरुस्तीत त्याला पुन्हा मूळचा गडद लाल दिला गेला. जुन्या फोटोंत तो करडा दिसतो.

जवळच्या कोलब्रुकडेलमध्ये पहिल्या अब्राहम डार्बीने १७०९ मध्ये लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड वितळवलं, ती जुनी भट्टीही बघायला मिळते. त्याआधी लोखंड म्हणजे जंगलतोड. दगडी कोळशाचा कोक चालू लागला आणि लोखंड स्वस्त झालं. पुढचे रूळ, इंजिनं, यंत्रं त्याच वाटेने आली. ही सगळी दरी १९८६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे.

मुलं कंटाळतील का?

ब्लिस्ट्स हिलला नेलंत तर नाही. आयर्नब्रिजजवळच व्हिक्टोरियन काळातलं आख्खं गाव उभं केलंय. बँकेत जाऊन आजचे पैसे देऊन जुनी नाणी घ्यायची आणि त्याच नाण्यांनी दुकानात गोळ्या-चॉकलेट घ्यायची. मुलांना पेनी-शिलिंगचा हिशेब जमत नाही, आणि मोठ्यांनाही नाही.

किल्ले कोणते? सगळे सारखेच असतात ना?

दोनच सांगते, ते अगदी वेगळे आहेत.

स्टोकसे हा खरं तर किल्ल्याचं सोंग घेतलेला वाडा. लॉरेन्स ऑफ लडलो नावाच्या लोकरीच्या बड्या व्यापाऱ्याने तो १२८० च्या दशकात बांधायला घेतला आणि १२९१ मध्ये राजाकडून तटबंदीची परवानगी मिळवली. आतला दिवाणखाना आजही तसाच आहे: उंच लाकडी छत, काळवंडलेल्या तुळया, मधोमध जमिनीवर चूल पेटवायची जागा. धुराडं नाही, धूर छपराला जाऊन भिडायचा. सातशेपेक्षा जास्त वर्षांच्या तुळयांखाली उभं राहिल्यावर वास येतो तो मात्र थंड दगडाचा. पुढचं पिवळं, नक्षीदार लाकडी प्रवेशद्वार नंतरचं आहे, १६४०-४१ चं. या लॉरेन्सने राजाला लोकरीवर जबर कर बसवायला मदत केली, आणि १२९४ मध्ये लोकर आणि पैसा घेऊन निघालेल्या जहाजासकट तो बुडाला. त्या काळच्या एका मठातल्या बखरकाराने लिहून ठेवलंय की लोकरवाल्यांविरुद्ध पाप केलं म्हणून लोकरीच्या जहाजात बुडाला. बखरकार सगळीकडे सारखेच!

लडलोचा किल्ला अस्सल लढाऊ. अकराव्या शतकाच्या शेवटी सुरुवात, नंतर वेल्सचा सगळा कारभार इथून चालायचा. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ राजपुत्र आर्थर इथेच १५०२ मध्ये वारला. तो जगला असता तर हेन्री राजा झाला नसता, आणि इंग्लंडच्या चर्चचा इतिहासच वेगळा झाला असता. किल्ल्यातलं गोल देवघर चुकवू नका, अशी गोल बांधणी फारशी दिसत नाही. दारातच बाजार भरतो, तिथलं चीज घ्या आणि ब्रॉड स्ट्रीटवरून नदीपर्यंत उतरा. उतारावरची घरं बघत जायला घाई करू नका.

इंग्लिश हेरिटेजचा पास सगळीकडे चालतो का?

नाही, आणि याच्यावरून दरवर्षी कोणीतरी नाराज होतं. इंग्लिश हेरिटेज ही जुनी स्मारकं सांभाळणारी संस्था. स्टोकसे, मच वेनलॉकचा मठ, रॉक्सिटरचं रोमन शहर आणि बॉस्कोबेल इंग्लिश हेरिटेजकडे आहेत. अ‍ॅटिंगहॅम पार्कचा बंगला आणि कार्डिंग मिल व्हॅली नॅशनल ट्रस्टकडे. ही वेगळी संस्था, तिचं सभासदत्व वेगळं. लडलोचा किल्ला दोघांकडेही नाही, तो खाजगी मालकीचा आहे. परदेशी पाहुण्यांसाठी इंग्लिश हेरिटेजचा नऊ किंवा सोळा दिवसांचा पास मिळतो, पण फक्त श्रॉपशरसाठी तो वसूल होईल का हे हिशेब करून बघा. हॉमंड अ‍ॅबीचे अवशेष, क्लनचा पडका किल्ला, ओस्वेस्ट्रीजवळचा लोहयुगातला टेकडीवरचा कोट आणि मिचेल्स फोल्डचं दगडी वर्तुळ फुकट बघता येतं.

मिचेल्स फोल्ड म्हणजे काय?

वेल्सच्या हद्दीजवळ माळरानावर उभे असलेले पंधराएक दगड, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे. तिथे पाटी आणि मेंढ्या सोडून काहीच नाही. पण गोष्ट ऐका: दुष्काळात इथे एक जादूची गाय आली, प्रत्येकाने एकच बादली दूध काढायचं या अटीवर ती सगळ्या मुलुखाला पुरायची. मग एका चेटकिणीने बादलीऐवजी चाळण धरली आणि दूध काढतच राहिली. गाय गेली, चेटकीण दगड झाली. आमच्या मुलीने ही गोष्ट ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला की कामधेनू इंग्लंडला कशी आली.

डोंगर चढायला किती कठीण? आणि लोकांच्या शेतातून चालायचं म्हणजे कोणी हाकलत नाही?

उंचीच्या आकड्यांवर जाऊ नका. काउंटीतली सगळ्यात उंच टेकडी ब्राउन क्ली ५४० मीटर, स्टायपरस्टोन्स ५३६, लाँग मिंड ५१६. कळसूबाईच्या १६४६ पुढे हे काहीच नाही, असं म्हणून एक भाचा चपला घालून आला होता. वर वारा असा असतो की जूनमध्ये कान दुखतात, आणि धुकं दहा मिनिटांत उतरतं. चांगले बूट, पाणी आणि कागदी नकाशा घ्या. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते.

सुरुवात करायची तर चर्च स्ट्रेटनहून कार्डिंग मिल व्हॅली. ओढ्याकाठाने वाट वर जाते, एक छोटा धबधबा आहे, आणि परत आल्यावर चहा. जुलैच्या शेवटापासून पठारावर गुडघ्याएवढ्या झुडपांत बारीक निळीकाळी बोरं पिकतात, इथले लोक त्यांना ‘विनबेरी’ म्हणतात. वाकून-वाकून तोडायची, मूठभर जमायला वीस मिनिटं, आणि बोटं, ओठ, शर्टाची बाही सगळं जांभळं. करवंदांच्या जाळीत हात घातलेल्या माणसाला हा उद्योग नवा नाही, काटे मात्र नाहीत.

स्टायपरस्टोन्स जास्त रुक्ष आणि मला जास्त आवडतो. पांढरट गारगोटीसारखे कातळ, पायाखाली सुटे धोंडे, मधे ‘सैतानाची खुर्ची’ नावाचा सुळका. ढग त्याच्यावर बसले की सैतान आलाय म्हणतात. पाय मुरगळायला उत्तम जागा, जपून चाला.

शेतातून चालण्याचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये सार्वजनिक पायवाटेवरून जाण्याचा हक्क कायद्याने आहे, जमीन कोणाचीही असो. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलीही. वाट सोडू नका, फाटक जसं दिसलं तसंच ठेवा, उघडं असेल तर उघडं. वासरं सोबत असलेल्या गाईंच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. इथल्या गाई आपल्याकडच्या रस्त्यावरच्या गाईंइतक्या सोशिक नसतात.

क्लाइव्हशी या काउंटीचा काय संबंध?

रॉबर्ट क्लाइव्हचा जन्म १७२५ मध्ये मार्केट ड्रेटनजवळच्या स्टायच इथे झाला. लहानपणी तो तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर चढून बसला होता अशी आख्यायिका अजून सांगतात. प्लासी सगळ्यांना माहीत असते, पण त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमारासोबत तो विजयदुर्गावर होता. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, आंग्र्यांचं आरमार जळालं, किल्ला इंग्रजांनी बळकावला, आणि तो परत मिळवताना पेशव्यांना बाणकोट द्यावा लागला. मराठी माणसाने श्रूजबरीच्या चौकातल्या क्लाइव्हच्या पुतळ्यासमोर उभं राहताना ही गोष्ट माहीत असावी.

तो या गावाचा महापौर होता आणि १७६१ पासून मरेपर्यंत इथला खासदार. पुतळा १८६० चा. २०२० मध्ये तो हटवायची मागणी झाली, पुतळा राहिला. त्याला पुरलं मोर्टन से गावच्या चर्चमध्ये. थडग्यावर नाव नाही, भिंतीवर फक्त एक पाटी.

हिंदुस्थानातून आणलेल्या वस्तू बघायच्या तर हद्द ओलांडून वेल्समधल्या पॉविस किल्ल्यात जावं लागतं. टिपू सुलतानाचा तंबू, त्याच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं मुख, तलवारी, हस्तिदंत. क्लाइव्हच्या मुलाचं लग्न त्या घराण्यात झालं आणि पुढे पॉविसची सरदारकीही त्याच्याकडे आली. लडलोचा किल्ला याच पॉविस घराण्याने १८११ मध्ये सरकारकडून विकत घेतला. म्हणजे लडलोच्या दारात तुम्ही काढता ते तिकीट कोणाच्या वारसाच्या इस्टेटीचं, हे आता कळलं असेल. मी तरीही तिकीट काढते, किल्ला खरंच छान आहे.

डार्विनचं काय?

जन्म श्रूजबरीत, १२ फेब्रुवारी १८०९. तो ज्या शाळेत शिकला त्या इमारतीत आता वाचनालय आहे, बाहेर त्याचा बसलेला पुतळा. दहा मिनिटांचं काम.

मच वेनलॉकला ऑलिम्पिक झालं होतं म्हणतात, खरं का?

एका अर्थाने हो. विल्यम पेनी ब्रूक्स नावाच्या गावच्या डॉक्टरने १८५० मध्ये इथे खेळ सुरू केले. १८९० मध्ये आधुनिक ऑलिम्पिकचा जनक पिअर द कुबर्तँ ते बघायला आला, आणि १८९६ मध्ये अथेन्सला आधुनिक ऑलिम्पिक भरलं. ब्रूक्स बिचारा डिसेंबर १८९५ मध्येच गेला, चार महिने थांबला असता तर बातमी ऐकली असती. लंडन २०१२ च्या एका शुभंकराचं नाव ‘वेनलॉक’ होतं ते यामुळेच. खेळ अजूनही जुलैमध्ये होतात.

आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे, काय झेपेल?

अ‍ॅटिंगहॅम पार्क. सपाट वाटा, हरणं, बाकं, चहा. आयर्नब्रिजचा पूलही चालेल, मात्र गावातून वर जाणाऱ्या पायऱ्या नकोत. किल्ल्यांमधले गोल जिने टाळा, खालून बघून समाधान माना.

शाकाहारी खायला मिळतं का?

मिळतं. पबमध्ये एखादा-दोन पदार्थ असतातच, पण गावाकडच्या पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं आणि संध्याकाळी सहापर्यंत उघडत नाही. आपल्या तीन वाजताच्या जेवणाच्या सवयीला इथे उपाशी राहावं लागतं. फिजेट पाय सफरचंदाचा म्हणून घेऊ नका, त्यात डुकराचं मांस असतं. श्रॉपशर ब्लू नावाचं केशरी-निळं चीज जरूर चाखा, जरी त्याचा जन्म स्कॉटलंडमधला असला तरी. कडक शाकाहारी असाल तर वेष्टनावर रेनेट (दूध फाडून चीज करायला घालतात ते, कधी वासराच्या पोटातलं असतं) कुठलं वापरलंय ते वाचा. डबा मात्र सोबत ठेवाच, ठेपले डोंगरावर फार छान लागतात.

आणि श्रूजबेरी बिस्किटं? तिथली खरी ना?

गावात ‘श्रूजबरी केक’ या नावाने शतकानुशतकं एक बिस्किट बनतंय. पातळ, लोण्याचं, कधी लिंबाच्या सालीचा तर कधी गुलाबपाण्याचा वास. कॅम्पातल्या कयानी बेकरीचं बिस्किट आठवून घास घ्याल तर नाराज व्हाल. हे जरा कडक आणि कमी खुसखुशीत लागतं, निदान मला तरी. म्हणून पुण्याहून येणाऱ्यांना मी सांगते, बॅगेत एक पुडा टाका. मागच्या वर्षी मावशीने आणलेला पुडा मी शेजारच्या आजींना दिला. त्या जन्मापासून श्रूजबरीत राहतात. त्यांनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं, आणि डब्याचं झाकण लावून विचारलं, हे कुठल्या गावचं म्हणालीस?